फक्त एक सोंगटी जास्त काढली

रात्रीचे साडेबारा झालेत, झोप येत नाहीये, डोक्यात अजून तोच डाव चालू आहे. बॅकगॅमनचा, म्हणजे फासे टाकून आपल्या पंधरा सोंगट्या आधी बोर्डाबाहेर काढायच्या त्या खेळाचा. जिंकलेला डाव हरलो आज, आणि फाशांना शिव्या घालून झाल्यावर कळलं की चूक फाशांची नव्हतीच.

समोरच्याच्या दोन सोंगट्या माझ्या एकच्या घरात ठाण मांडून, म्हणजे अँकर, तिथे माझी सोंगटी उतरू शकत नाही. माझ्या दोन बाहेर निघालेल्या, उरलेल्या तेरा माझ्या शेवटच्या सहा घरांत : सहावर चार, पाचवर दोन, चारवर दोन, तीनवर तीन, दोनवर दोन. दान पडलं सहा-तीन. सहाने एक काढली, ती काढावीच लागते. आता तीन कसे खेळायचे? तीनच्या घरातूनही एक काढून टाकली, एका दानात दोन बाहेर, भारी वाटलं, शिवाय डोक्यात गॅमनचे (त्याची एकही सोंगटी निघायच्या आत जिंकलो तर) दुप्पट पॉइंट नाचत होते. घाई कसली होती देव जाणे, शर्यतीत तो कुठेच नव्हता, त्याच्या त्या दोन सोंगट्यांना अख्खा बोर्ड फिरून यायचं होतं.

सहावर राहिल्या तीन. पुढचं दान सहा-एक. सहाने एक काढली आणि एकसाठी बोर्डाकडे बघतच बसलो. सहावरून पाचवर नेली तर सहावर एकटी, पाचवरून चारवर नेली तर पाचवर एकटी, खाली कुठलीही हलवली तरी कुणीतरी उघडं पडतंच, आणि एकटी सोंगटी त्याला मारता येते. शेवटी सहावर एकटी ठेवली. त्याला थेट पाच हवा होता, छत्तीसातली अकरा दानं. पाच-दोन टाकले त्याने. त्याच्या बाजूची सहाच्या सहा घरं बंद, परत शिरायला जागाच नाही. माझी मारलेली सोंगटी बारवर, म्हणजे बोर्डाच्या मधल्या पट्टीवर, बसून राहिली आणि मी फुकट पाणी पीत बसलो.

घरी येऊन बोर्ड परत मांडला आणि कागदावर सगळी छत्तीस दानं लिहून काढली (हो, एवढा वेळ आहे मला). मी खेळलो त्या पोझिशनमध्ये सोळा दानं अशी निघाली की एकटी सोंगटी उघडी पडणारच, त्यात सहा असलेली अकराच्या अकरा, अगदी सहा-सहासुद्धा, कारण सहावरच्या तिन्ही निघाल्या की चौथी पाचवरून काढावी लागते. आणि तीनने काही न काढता सहावरची तीनवर उतरवली असती तर? सहावर दोन, पाचवर दोन, सगळं जोडीत. तिथे वाईट दानं फक्त चार. सहा-पाच आणि पाच-चार, बस. एक सोंगटी कमी निघाली असती एवढंच.

गंमत म्हणजे त्याचा अँकर मधेमधे आपल्याला वाचवतोसुद्धा. पाच-पाच पडले तर पाचवरच्या दोन निघतात आणि पुढे सहावरून एकवर जाताच येत नाही, घर त्याचं, म्हणून वरची जोडी हलत नाही, सुरक्षित. पण तोच अँकर सहा-पाचला घात करतो, पाच खेळायला पाचवरची काढण्यावाचून दुसरी चालच उरत नाही आणि सहावर, पाचवर दोन्हीकडे एकेकटी राहते. मग त्याला मारायला वीस दानं.

झोपायच्या आधी जोडीवाली पोझिशन मांडली, म्हटलं बघू तरी काय झालं असतं, आणि फासे टाकले. सहा-पाच.