एअर्टनच्या क्वेकर बार्नमध्ये दहा जणांचा मुक्काम: माझा अनुभव

इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्स भागातल्या एअर्टन गावात क्वेकरांचं, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचं, जुनं सभागृह आहे आणि त्याच्या शेजारीच मुक्कामाला साधा बार्न, म्हणजे कोठार. विणकर विल्यम एलिस आणि त्यांची पत्नी ॲलिस यांच्याशी, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीशी, या सभागृहाचं नातं आहे. पेनाइन वे या लांब पायवाटेने चालणारे इथे थांबतात. आम्ही दहा जण दोन रात्री राहिलो.

बुकिंग करताना सगळ्यात आधी रविवारच्या प्रार्थनासभेची वेळ विचारून घेतली. इथल्या क्वेकरांच्या सभेत पुरोहित नसतो, भजनं नसतात. सगळे तासभर गप्प बसतात, कुणाला आतून वाटलंच तर तो उभा राहून चार शब्द बोलतो. अशा शांततेत शेजारी पडलेला चमचाही ऐकू जातो. त्यामुळे रविवारचा सगळा कार्यक्रम आम्ही त्या तासाभोवती बसवला.

स्लीपिंग बॅग आणि उशीची खोळ प्रत्येकाने आपापली आणली. रेल्वे गारग्रेव्हपर्यंत, पुढे साधारण साडेसहा किलोमीटर पायी. म्हणून सामान पाठीवर मावेल इतकंच. तांदूळ-डाळ घरूनच मोजून घेतली.

खरी कसोटी स्वयंपाकाची. कुकर नेऊ नका. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळ-तांदूळ आणि पाणी मिळून निम्म्याच्या वर भरायचं नसतं. म्हणजे दहा जणांची खिचडी एका वेळी होत नाही, शिवाय शिट्ट्या होतात त्या वेगळ्याच. आम्ही पाऊण किलो तांदूळ आणि चारशे ग्रॅम मूगडाळ अर्धा तास भिजवली आणि दहा लिटरच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात घातली. पाणी धान्याच्या चौपट. झाकण थोडं तिरकं ठेवलं नाही तर उतू जाऊन शेगडीवर करपतं आणि तो डाग घासून निघता निघत नाही. मंद आचेवर पाऊण तासात मऊ शिजते.

फोडणी मात्र घरूनच बाटलीत भरून नेली. गरम तेलात सुकी मिरची पडली की तिचा धूर छताशी साचतो आणि धुराचा अलार्म वाजतो. झोपलेल्यांना उठून बाहेर थंडीत उभं राहावं लागतं. आयती फोडणी खिचडीवर ओतायची, चवीत काही कमी होत नाही.

शनिवारी रात्रीच भांडी, केर आणि बॅगा आवरून ठेवल्या. रविवारी सकाळी फक्त ब्रेड-लोणी आणि चहा. किटली सभेच्या अर्धा तास आधीच बंद.

आमच्यातले चौघं सभेला बसले. पाहुण्यांना मज्जाव नाही, फक्त पाच-दहा मिनिटं आधी आत जावं, फोन बंद असावा. शेवटी दोघे जण एकमेकांशी हात मिळवतात, ती सभा संपल्याची खूण. मग सगळेच शेजाऱ्याशी हस्तांदोलन करतात. चहाचे कप आम्ही त्यानंतर विसळायला घेतले.