गोव्यात एसीच्या देखभालीचे पैसे नेमके कुठे जातात

मार्च लागला की मडगाव-म्हापशातले एसी मेकॅनिक फोन उचलत नाहीत, आणि उचललाच तर पुढच्या आठवड्यातली वेळ देतात. दिवसाला दहा घरं उरकणारा माणूस तुमच्या घरात वीस मिनिटंच थांबणार. म्हणून वर्षाची मोठी सर्व्हिस जानेवारी-फेब्रुवारीत करून घ्यावी. दर तोच, पण काम नीट होतं.

दीड टनाच्या स्प्लिट एसीच्या साध्या सर्व्हिसिंगला सध्या साधारण ५०० ते ८०० रुपये लागतात. फोम किंवा जेटने कॉइल (गॅस फिरतो त्या नळ्यांचा संच) धुवायची तर आणखी तीन-चारशे. कॅपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग, मजुरीसकट हजाराच्या आत बसतो. पूर्ण गॅस भरायला अडीच ते चार हजार, आणि इन्व्हर्टर एसीच्या आऊटडोअरचा (बाहेरच्या युनिटचा) पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला तर चार हजारांपासून पुढे कुठवरही. वर्षाला दोन सर्व्हिसिंग धरली तरी हजार-दीड हजारात भागतं. हिशोब बिघडतो तो गॅसमुळे.

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. तरीही ‘दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं आणि आपण पैसे मोजतो. गळती न शोधता भरलेला गॅस आज ना उद्या पुन्हा निघून जातो.

त्याहून मोठी गोम वेगळीच आहे. एसी थंड करत नाही म्हणून मेकॅनिक येतो, आल्या आल्या गॅसचं प्रेशर मोजायचं गेज लावतो आणि सांगतो, ‘प्रेशर कमी आहे.’ पण जाळी आणि आतली कॉइल धुळीने चोंदली असेल तर हवा पुरेशी फिरत नाही, आणि गॅस पुरता असूनही कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचं प्रेशर कमीच दिसतं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी धुणं, मग एसी पंधरा-वीस मिनिटं चालवणं, मग गेज. आतल्या कॉइलवर बर्फ धरला असेल तर तो कुठे आहे ते पाहा. सगळ्या कॉइलवर सारखा पसरला असेल तर बहुधा हवा अडलेली आहे. बारीक नळी आत शिरते त्या कोपऱ्यातच बर्फ आणि बाकीची कॉइल कोमट, असं असेल तर गॅस कमी असल्याचा संशय खरा. साधा थर्मामीटरही उपयोगी पडतो. इनडोअरमध्ये ओढल्या जाणाऱ्या आणि त्याच्या झडपेतून बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक पडत असेल तर गॅसला हात लावू देऊ नका. ऐन पावसाळी दमटपणात हा फरक थोडा कमी दिसतो, तेव्हा लगेच घाबरू नये.

गॅस खरंच कमी असेल तर काम असं व्हायला हवं. आधी साबणाच्या फेसाने नट तपासायचे. इनडोअरच्या मागचे दोन आणि आऊटडोअरच्या व्हॉल्व्हवरचे दोन, बऱ्याच गळत्या इथेच सापडतात आणि नळीचं तोंड नव्याने फुलवून नट आवळला की प्रश्न मिटतो. तिथे नसेल तर नायट्रोजन भरून प्रेशर काही तास टिकतं का ते पाहायचं. मग नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप निदान वीस-तीस मिनिटं. ही पायरी सर्रास गाळली जाते. थोडा गॅस सोडून हवा ‘उडवली’ की झालं, असं म्हणतात. पण नळीत राहिलेला ओलावा तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसर आतून खातो. शेवटी गॅस. युनिटच्या पाटीवर गॅसचं वजन लिहिलेलं असतं, आर-३२ हा गॅस वापरणाऱ्या दीड टनाच्या मॉडेलमध्ये बहुधा ६०० ते ९०० ग्रॅमच्या दरम्यान. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, त्यामुळे नुसत्या गेजवर भरलेला गॅस अंदाजपंचे. वजनकाटा आणलाय का, हे फोनवरच विचारून घ्यावं. आर-३२ पेट घेऊ शकतो, तेव्हा नळी डागण्याआधी उरलेला गॅस पूर्ण काढलाच पाहिजे.

आता गोव्याचं खास दुखणं. मिरामार, कळंगुट, कोलवा, बाणावली या पट्ट्यात वारा मीठ घेऊन येतो, आणि ते आऊटडोअरच्या पातळ ॲल्युमिनियम फिन्सवर (कॉइलवरच्या पत्र्याच्या पात्यांवर) बसतं. दमट हवेत मीठ कायम ओलसर राहतं. तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे आधी ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी दिसू लागते, आणि काही वर्षांत फिन्स बोटाने चुरतात. फिन्स गेल्या की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, बिल चढतं. निळ्या किंवा सोनेरी लेपाच्या फिन्स जास्त टिकतात, पण लेप खरवडला गेला की तीच गत.

आऊटडोअर छज्जाखाली ठेवला म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. ऊन लागत नाही हे खरं, पण पावसाने धुऊनही निघत नाही, त्यामुळे मीठ साचत जातं. उपाय फुकटातला आहे: एमसीबी पाडून (एसीची वीज तोडून) महिन्यातून एकदा नळाच्या गोड्या पाण्याने, साध्या पाईपच्या धारेने फिन्स धुवायच्या. पाणी नळ्यांच्या बाजूच्या वायरिंगच्या डब्यावर जाऊ द्यायचं नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये, मिठावर मीठ कशाला? गाड्या धुण्याचा प्रेशर वॉशर नको, फिन्स आडव्या होतात. ‘ॲसिड मारून चकाचक करतो’ म्हणणाऱ्याला तर चहा पाजून परत पाठवावं. युनिट वरच्या मजल्यावर बाहेर लटकलेलं असेल तर हे काम मेकॅनिकचंच, खिडकीतून वाकायचं नाही. वास्कोत बंदराच्या बाजूला कोळशाची काळी धूळ आणि डिचोली-सांगेकडे खनिजाची तांबडी धूळ बसते. तिथेही हाच उपाय, फक्त जास्त वेळा.

आतल्या युनिटचं काम सोपं. जाळी पंधरा दिवसांनी पाण्याखाली धरायची आणि सावलीत वाळवायची. कुबट वास येत असेल तर तो बहुधा जाळीचा नसतो. आतल्या गोल ब्लोअरच्या पात्यांवर काळी बुरशी धरलेली असते आणि वरवरच्या सर्व्हिसिंगमध्ये तिला कोणी हात लावत नाही. ब्लोअर धुणार का, हे आधीच ठरवून घ्या.

पावसाळ्यात पाणी ठिबकण्याच्या तक्रारी वाढतात. जूननंतर दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो आणि ट्रेमध्ये साचलेली बुळबुळीत शेवाळी ड्रेन पाईप बंद करते. बाहेरच्या टोकातून फुंकर किंवा व्हॅक्यूम मारला की निघते. पाईपचं टोक बादलीत बुडवून ठेवलं तर हवा अडते आणि पाणी घरातच उतरतं.

साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत आऊटडोअर नुसता गुणगुणतो आणि सुरू होत नाही, तेव्हा कॉम्प्रेसरआधी कॅपॅसिटर मोजायला सांगा. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरॅडपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर बदलायचा. पीसीबी जाण्याचं गोव्यातलं एक कारण कंपनीच्या पुस्तिकेत फारसं सापडत नाही: पाल. ती उबेला आत शिरते, दोन टोकांना टेकते, स्वतः मरते आणि बोर्डही नेते. वायर आत जाते त्या फटी बुजवून घेतल्या तर हा खर्च टळू शकतो. युनिटची वाऱ्याची जाळी मात्र झाकायची नाही.

वार्षिक करार घ्यावा का? नुसत्या सर्व्हिसिंगचा असेल तर सुटे पैसे देऊनही तेवढ्यातच पडतं. गॅस आणि सुट्या भागांसकटचा असेल तर एकच ओळ वाचा: कॉइल गंजल्यास भरपाई मिळते का. किनारी घरांत तीच जाते, आणि बऱ्याच करारांत नेमकी तीच वगळलेली असते. कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीतही गॅस आणि मजुरी धरलेली असेलच असं नाही.

फ्लॅट महिनोन्‌महिने बंद राहत असेल तर निघताना एसी तासभर नुसत्या फॅनवर चालवून कॉइल वाळवा, आऊटडोअर धुऊन घ्या आणि एमसीबी पाडा. परत आल्यावर लगेच कूलिंग लावू नका. आधी बाहेर कोणी घरटं बांधलंय का, उंदरांनी वायर कुरतडलीय का, ते बघा.