मॅडम, आज पाठवू का?

सकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान फोन वाजला की उचलण्याआधीच मला प्रश्न माहीत असतो. "मॅडम, वर्गात कांजिण्या आल्यात म्हणे. आज पाठवू का?" कधी कांजिण्यांच्या जागी गालगुंड असतं, कधी डोळे आलेले असतात, कधी नुसतंच 'व्हायरल'. मी सोलापुरात दुसरीच्या वर्गाला शिकवते. डॉक्टर नाही. पण दवाखाना दहाला उघडतो आणि रिक्षा सातला दारात येते, म्हणून मला विचारतात. मंडईत विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. तर आज जरा बैजवार सांगते.

खरं म्हणजे यात दोन प्रश्न आहेत. चांगल्या पोराला पाठवायचं का, हा एक. आजारी पोराला पाठवायचं का, हा दुसरा. मला फोन येतात ते सगळे पहिल्यासाठी. दुसरा कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर आईला माहीत असतं. मलाही माहीत होतं.

2018 चा जानेवारी. संक्रांतीला लेकीला गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, नेलं होतं. नंदीध्वज बघून झाले, पाळण्यात बसून झालं, गर्दीत तिचा हात दोनदा सुटला आणि दोनदा सापडला. दहा दिवसांनी, 24 तारखेच्या संध्याकाळी तिला ताप आला. नाक गळतंय, डोळे लाल. ती तेव्हा मोठ्या गटात होती, आणि 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर तिचा नाच. महिनाभर तालीम झालेली, ड्रेस शिवून आलेला. त्या दिवशी पहाटे थर्मामीटरनं 101 दाखवलं. मी पॅरासिटामॉल पाजलं, आठपर्यंत ताप उतरला, रिबिनी बांधल्या आणि पाठवलं. नाच छान झाला. फोटो अजून आहे माझ्याकडे.

28 तारखेला कानामागून पुरळ उठायला सुरुवात झाली. कपाळ, गाल, मग छाती. गोवर.

आमच्या वाड्यात समोरच्या खोल्यांत एक तेलुगू कुटुंब राहायचं. घरातला मुलगा यंत्रमागावर, सून विड्या वळणारी, आणि अव्वा, म्हणजे आजी. अव्वांनी लेकीकडे एकदाच बघितलं, "अम्मा आली," म्हणाल्या आणि आमच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा आणून लावला. मी शिकलेली, मनातून हसले. आता हसत नाही. त्या डहाळ्यानं देवी शांत होत असेल नसेल, पण गल्लीतल्या प्रत्येकाला कळायचं की या घरात आजार आहे, पोरं घेऊन आत येऊ नका. आज आपण उलट करतो. शाळेला कळू नये म्हणून 'गावाला गेलोय' असं कळवतो, आणि मागचे चार दिवस पोराच्या शेजारी बसलेल्यांना काहीच कळत नाही.

तरी डहाळ्यालाही उशीरच होतो. गोवराचं मूल पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून दुसऱ्यांना आजार देत असतं. तेव्हा दिसतं ते फक्त सर्दी, खोकला, ताप. त्याच्या खोकल्यातला विषाणू ते खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. लस न घेतलेली, गोवर न झालेली माणसं भोवती असली तर एकापासून बारा ते अठरा जणांना होतो. म्हणजे 26 तारखेला मी जे मूल सजवून पाठवलं ते ऐन भरातलं होतं.

शाळेत कुणाला झालं, नीट कधी कळलं नाही. समोरच्या घरात झालं. त्या घरात सात महिन्यांचं बाळ होतं आणि माझी लेक रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन बसायची. ताप चढायच्या दिवशीसुद्धा. गोवराची लस नऊ महिन्यांनंतर देतात, तेव्हा त्याला ती मिळालेलीच नव्हती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या अंगावर पुरळ दिसलं, मग न्यूमोनिया, मग आठ दिवस दवाखाना. गोवरात पुरळाचं भय नसतं, भय असतं ते मागून येणाऱ्या न्यूमोनियाचं आणि जुलाबांचं. डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा दोन दिवसांत दिल्या, ऑक्सिजन लावला. पोरगं वाचलं. अव्वा म्हणाल्या, "अम्माची मर्जी." सून मला धरून रडली. मी तापाचं औषध पाजून लेकीला नाचायला पाठवलं होतं, हे त्यांना सांगितलं नाही. आजवर नाही.

आणि लेकीला गोवर झाला कसा? नऊ महिन्यांची मात्रा दिली होती. दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. नेमकी तेव्हा ती सर्दीनं हैराण होती, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हटलं आणि राहून गेलं. नऊ महिन्यांच्या एका मात्रेनं शंभरातली सुमारे पंच्याऐंशी मुलं सुरक्षित होतात. उरलेल्या पंधरांसाठी दुसरी असते. कार्ड कपाटात होतं, कधी उघडून बघितलं नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आली. नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना, शाळाशाळांतून. व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरत होतं ते आठवत असेल तुम्हाला. लशीच्या दिवशी माझा निम्मा वर्ग रिकामा. कणकण असताना बिनधास्त पाठवणाऱ्या आयांनी त्या दिवशी ठणठणीत पोरं घरी ठेवली होती. मी तीन दिवस घरोघर फिरले. आधीचा जानेवारी डोक्यात नसता तर फिरले असते का, कोण जाणे.

आता तुमचा प्रश्न. चांगलं पोर. आधी त्याचं लसीकरणाचं कार्ड काढा. वर्गात गोवर आला असेल आणि गोवराच्या दोन्ही मात्रा झालेल्या असतील तर पाठवा, घरी ठेवून काही साधत नाही. नसतील तर शाळा-बिळा मागाहून, आधी दवाखाना गाठा. गोवराच्या मुलाशी संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. घरात नऊ महिन्यांच्या आतलं बाळ असेल, बाळंतीण होऊ घातलेली कुणी असेल, कुणाचे कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. 2022 मध्ये मुंबईत गोवर पसरला तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा दिली होती. अशी मात्रा असते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

घरी ठेवायचंच असेल तर निदान घरी ठेवा तरी. जुळे सोलापूर भागातल्या एका बाईंनी गालगुंडाच्या भीतीनं मुलाला पंधरा दिवस शाळेत पाठवलं नाही. ट्यूशन चालू होती. संध्याकाळी क्रिकेटही चालू होतं, माझ्याच वर्गातल्या पोरांबरोबर.

आजारी मुलाचे दिवस वेगवेगळे. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस. कांजिण्यांत सगळ्या फोडांच्या खपल्या धरेपर्यंत, आणि तापाला अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. साधा ताप असेल तर औषधाशिवाय चोवीस तास ताप नसला पाहिजे. यातला 'औषधाशिवाय' हा शब्द मी फोनवर दोनदा म्हणते. डोळे आलेल्याकडे बघून डोळे येत नाहीत, 2023 च्या पावसाळ्यात अख्खा महाराष्ट्र गॉगल लावून फिरला तो उगीच. हातांनी आणि टॉवेलानं येतात. आपण टॉवेलांच्या गावात राहतो आणि सगळं घर एकाच टॉवेलाला तोंड पुसतं, याला काय म्हणावं?

डेंग्यूचं तर वेगळंच. 'वर्गात एकाला डेंग्यू झालाय, पाठवू का?' अहो, डेंग्यू बाकावरून येत नाही. डास दिवसा चावतो आणि वाढतो तुमच्या-माझ्या घरच्या साठवलेल्या पाण्यात. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? चार-चार दिवस बॅरल भरून ठेवायचे. आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामे करून घासायचे म्हटलं तर जिवावर येतं, पण अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवसच लागतात. बॅरल उघडा असेल तर पोरगं शाळेतच बरं.

हे सगळं सांगणं सोपं आहे. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक आई मला म्हणाली, "मॅडम, घरी ठेवलं तर तंबाखूच्या धुळीतच बसंल ओ माझ्याजवळ. शाळेत खिचडी तरी मिळती." विड्यांची मजुरी हजारावर मिळते, आजारी पोर मांडीवर घेऊन हजार होत नाहीत. तिला मी काय सांगणार? त्या आठवड्यात तिच्या पोराची खिचडी डब्यात घालून गल्लीतल्या मोठ्या मुलीबरोबर पाठवली. नियमात बसतं का, विचारलं नाही.

माझ्या हातातली एक गोष्ट मात्र मी बंद केली. वर्षभर शंभर टक्के हजेरी लावणाऱ्याला मार्चमध्ये मी रंगपेटी द्यायचे. त्या रंगपेटीसाठी एक पोरगी अंगात ताप असताना, स्वेटर घालून, दुपारच्या उन्हात शेवटच्या बाकावर कुडकुडत बसलेली मला सापडली. आईला न सांगता आली होती. आता रंगपेटी चिठ्ठी टाकून देते.

समोरचं कुटुंब नंतर स्वतःच्या घरात राहायला गेलं. अव्वा गेल्या. बाळ आता शाळेत जातं, दुसऱ्या शाळेत, पण त्याची आई फोन मलाच करते. मागच्या मंगळवारी केला.

"ताई, याच्या वर्गात तिघांना गालगुंड आलंय. पाठवू का?"

"गालगुंडाची लस दिलीय का?"

"सरकारी दोन्ही दिल्यात की."

"त्यात गोवर आणि रुबेला असतं. गालगुंडाची वेगळी विचारावी लागते, बालरोगतज्ज्ञांकडे. विचारून घे. आता अंगात काही आहे का त्याच्या?"

"काय नाही. उड्या मारायलाय."

"मग पाठव. गाल सुजला की पाच दिवस घरी. आणि हे बघ, ताप आला तर औषध पाजून पाठवू नको."

ती हसली. "असं कोण करतंय ओ ताई!"