लॉगिनशिवाय यूट्यूब: न्यूपाइपमधली फीड आणि तिचे खाचखळगे

यूट्यूबवर दोनशे चॅनेल सबस्क्राइब केलेले असले तरी अ‍ॅप उघडल्यावर समोर येतं ते भलतंच. मिक्सर दुरुस्तीचा एक व्हिडिओ पाहिला की पुढे आठ दिवस मिक्सरच मिक्सर. यूट्यूब पाहायच्या न्यूपाइप या वेगळ्या अ‍ॅपमध्ये हा प्रकार नाही, कारण तिथे तुमच्या पाहण्यावरून सुचवणारं कोणी बसलेलंच नाही. तुम्ही निवडलेले चॅनेल, त्यांचे नवे व्हिडिओ, तारखेच्या क्रमाने: हीच तिथली फीड. चॅनेलची यादी फोनमध्ये राहते, गूगलच्या खात्यात नाही.

अ‍ॅप फक्त अँड्रॉइडवर चालतं. 2015 मध्ये ख्रिश्चन शाबेसबर्गर यांनी ते सुरू केलं, आता स्वयंसेवकांची टीम सांभाळते आणि कोड सगळ्यांसाठी खुला आहे. यूट्यूबची अधिकृत एपीआय (दुसऱ्या अ‍ॅपना माहिती देण्याचा यूट्यूबचा ठरलेला मार्ग) ते वापरत नाही, ब्राउझरसारखं साइटवरूनच माहिती उचलतं. म्हणून लॉगिनची सोयच नाही. कॉमेंट वाचता येतात, लिहिता येत नाहीत. लाइक नाही, मेंबरांसाठीचे व्हिडिओ नाहीत, वयाची अट असलेले बहुतेक अडतात.

प्ले स्टोअरवर हे मिळत नाही. तिथे या नावाचं काही दिसलं तर ते दुसऱ्याच कोणाचं समजा. खरं अ‍ॅप न्यूपाइप डॉट नेट, गिटहब (प्रोग्रामचे कोड ठेवायची साइट) किंवा एफ-ड्रॉइड (खुल्या कोडच्या अ‍ॅपचं दुकान) इथून घ्यायचं. इथेच पहिली मेख आहे. एफ-ड्रॉइडच्या मुख्य भांडारातलं (रेपॉझिटरीतलं) अ‍ॅप एफ-ड्रॉइडच्या डिजिटल सहीचं असतं, गिटहबवरचं टीमच्या सहीचं. एकावर दुसरं अपडेट म्हणून बसत नाही, आधीचं काढावं लागतं आणि त्याबरोबर सगळी यादी जाते. यूट्यूबने आत काही बदललं की न्यूपाइप बंद पडतं. टीम दुरुस्ती काढते, पण मुख्य भांडारात ती पोचायला कधी कधी कित्येक दिवस जातात. त्यामुळे सुरुवातीलाच एफ-ड्रॉइडमध्ये टीमचं स्वतःचं भांडार जोडून तिथून इन्स्टॉल करणं शहाणपणाचं.

जुने चॅनेल एकेक शोधत बसायची गरज नाही. गूगल टेकआउटमध्ये (गूगलकडची आपली माहिती उतरवून घ्यायची साइट) जा, यूट्यूब निवडा. ‘ऑल यूट्यूब डेटा इन्क्लुडेड’वर दाबून आधी सगळ्या खुणा काढा आणि फक्त ‘सबस्क्रिप्शन्स’वर खूण ठेवा. हे विसरलात तर तुम्ही स्वतः चढवलेले व्हिडिओसुद्धा पॅक होऊन काही जीबींचं गाठोडं येईल. टेकआउटची झिप फाइल उतरली की न्यूपाइपच्या सबस्क्रिप्शन टॅबमधल्या तीन टिंबांतून ‘इम्पोर्ट फ्रॉम’, मग यूट्यूब, मग ‘इम्पोर्ट फाइल’. झिप घेतली नाही तर ती उघडून आतली सीएसव्ही फाइल द्या. यादी मोठी असेल तर वेळ लागतो, मध्येच अ‍ॅप बंद करू नका.

मग गट पाडा. सबस्क्रिप्शनच्याच टॅबवर ‘चॅनेल ग्रुप्स’ आहेत: बातम्या, शेती, कीर्तन, स्वयंपाक, जे असेल ते. गटाला नाव आणि चिन्ह द्यायचं, चॅनेलवर खूण करायची. एक चॅनेल दोन गटांतही चालतो. चॅनेल निवडताना ‘फक्त गटात नसलेले’ दाखवायची सोय आहे, तिने काम झटपट उरकतं. बातम्यांचा गट वेगळा ठेवाच, नाहीतर दिवसाला पन्नास व्हिडिओ टाकणाऱ्या एका वाहिनीखाली महिन्यातून एकदा येणारा चांगला चॅनेल गाडला जातो.

फीड ताजी करताना न्यूपाइप प्रत्येक चॅनेलचं पान वेगळं मागवतं. तीनशे चॅनेल म्हणजे निदान तीनशे मागण्या, म्हणून उशीर लागतो. सेटिंग्जमध्ये याला ‘फास्ट मोड’ आहे. त्यात पूर्ण पानाऐवजी चॅनेलची आरएसएस फीड (नव्या व्हिडिओंची छोटी, आयती यादी) वाचली जाते. काम भराभर होतं, पण आरएसएसमध्ये शेवटचे 15 व्हिडिओच असतात. पन्नासवाल्या वाहिनीचे 15 म्हणजे जेमतेम काही तासांचा माल. दिवसातून एकदा फीड उघडणाऱ्याला मधलं काही दिसणारच नाही. शिवाय व्हिडिओची लांबी दिसत नाही, लाइव्ह आहे की नाही तेही कळत नाही. शॉर्ट्स नको असतील तर फास्ट मोड बंदच ठेवा: फीडमध्ये चॅनेलचे कोणते टॅब (व्हिडिओ, शॉर्ट्स, लाइव्ह) आणायचे, हे ठरवायचं सेटिंग फास्ट मोडमध्ये लागू होत नाही. शंभराच्या आत चॅनेल असतील तर मला साधी, हळू पद्धतच बरी वाटते.

‘अमुक चॅनेलचं काहीच येत नाही’ ही नेहमीची तक्रार. सुमारे तीन महिन्यांपेक्षा जुने व्हिडिओ फीडमध्ये ठेवलेच जात नाहीत. वर्षातून दोनदा उगवणारा चॅनेल बिघडलेला नसतो, त्याच्या पानावर जाऊन पाहा. आणि पाहिलेले व्हिडिओ फीडमधून लपवायचे असतील तर पाहण्याचा इतिहास चालू हवा. खाजगीपणाच्या नावाखाली पुष्कळ जण तो आधीच बंद करतात, मग तेच ते व्हिडिओ पुन्हा दिसतात. हा इतिहास फोनमध्येच असतो, चालू ठेवायला हरकत नाही.

गूगलला काहीच कळत नाही, असं मात्र नाही. व्हिडिओ त्यांच्याच सर्व्हरवरून येतो, तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) त्यांना दिसतो. तो खात्याला जोडला जात नाही, एवढाच फरक. व्हीपीएन (आपला पत्ता झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्फत जायची सोय) लावला की उलट ‘तुम्ही रोबो नाही ना, साइन इन करा’ असा अडथळा जास्त येतो, कारण त्या एका पत्त्यावरून हजारो लोक येत असतात. व्हिडिओ चालेनासा झाला तर आधी अ‍ॅपचं अपडेट बघा, मग व्हीपीएन बंद करून बघा. सेटिंग्ज उलटसुलट करण्यात वेळ घालवू नका.

जाहिराती दिसत नाहीत, म्हणजे चॅनेलवाल्याला तुमच्या पाहण्याचे पैसेही मिळत नाहीत. एखाद्याचं काम रोजच्या उपयोगाचं असेल तर त्याला थेट काहीतरी द्यावं.

शेवटी बॅकअप. खातं नाही म्हणजे फोन हरवला की यादीही हरवली. सबस्क्रिप्शन टॅबमधून निघणारी जेसन फाइल पुरेशी वाटते, पण तिच्यात फक्त चॅनेलची नावं आणि पत्ते असतात, तासभर खपून पाडलेले गट नसतात. गट, इतिहास, प्लेलिस्ट हे सगळं हवं तर सेटिंग्जमधून ‘एक्स्पोर्ट डेटाबेस’ करा. त्याची झिप तयार होते. तिला पासवर्ड नसतो आणि आत तुम्ही काय शोधलं, काय पाहिलं ते सगळं असतं, म्हणून ती व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवण्यापेक्षा पेनड्राइव्हवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा. दर महिन्याला एकदा, आणि अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याआधी तर न चुकता.