कोलायटिस आणि तर्री पोह्यांचं नागपूर

डिसेंबरात नागपूरला जायचं म्हणजे थंडी, संत्री आणि लग्नसराई, त्यात विधानसभेचं अधिवेशन चालू असलं की हॉटेलात रूम मिळायची मारामार, म्हणून आम्ही सरळ मावशीकडेच उतरलो. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. ही सूज कमी करणारी मेसालामाइनची गोळी रोज चालू. ट्रेनमध्ये गोळ्यांचा पाऊच खांद्यावरच्या बॅगेतच ठेवला, सामानात नाही, आणि बर्थ मुद्दाम टॉयलेटजवळचा घेतला.

पहिल्या सकाळी तर्री पोहे, म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे. पोटाची तक्रार नव्हती म्हणून पोहे घेतले, तर्री चमचाभर चाखली, वर तरंगणारं लालभडक तेल बाजूला सारून, आणि खालचे हरभरे तसेच ठेवले. सावजी जेवणाला, म्हणजे इथल्या जहाल मसाल्याच्या रश्श्याला, मात्र हात लावला नाही. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातली ही चव म्हणजे नागपूरची शान आहे, पण तो मसाला माझ्या पोटाला झेपत नाही आणि त्याचं वाईटही वाटतं.

पुढे लग्नघरातलं जेवण, जागरण, दगदग, नक्की कशाने ते सांगता येत नाही पण सकाळी पोटात मुरडा, घाईने जावं लागलं आणि आव-रक्त दिसलं. फ्लेअर, म्हणजे शांत असलेला आजार पुन्हा उसळला. लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले आधी शौचाची तपासणी करून घ्या, कारण इन्फेक्शनमुळेही अगदी असंच होतं, आणि गोळी अजिबात बंद करू नका, सोबत मेसालामाइनचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध, रात्री घ्या, माझी सूज डाव्या बाजूला आहे तर तोंडाने आणि खालून दोन्हीकडून औषध गेलं की जास्त फायदा होतो. धंतोलीत हॉस्पिटलं आणि लॅब भरपूर, काम पटकन झालं, इन्फेक्शन निघालं नाही. डोकं ठणकत होतं तर कुणीतरी आयब्रुफेन पुढे केली, ती नको म्हटलं, या पेनकिलरने कोलायटिस भडकू शकतो, पॅरासिटामॉल घेतली. आणि हो, ही मेसालामाइनची गोळी चावायची किंवा कुटून घ्यायची नाही, वरचं कोटिंग आतड्यात खाली जाऊन विरघळावं म्हणूनच असतं.

मग मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, थोडं थोडं, दिवसभर मीठ-साखरेचं पाणी. मावशी म्हणाली, "काहून रे, असा चिमणीवानी खाऊन राहिला?" मी तिला सगळं नीट सांगितलं, रक्त जातं हेसुद्धा. लाजून उपयोग नसतो, लोक आग्रह करतात कारण त्यांना माहीतच नसतं. तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गोळाभात, म्हणजे डाळीच्या पिठाचे मसालेदार गोळे घातलेला भात, केला तर माझ्यासाठी गोळे बाजूला काढून नुसता भात, वर तूप. संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा स्वतः सोलून, बिया काढून दोनच फोडी हातात दिल्या.

जोर ओसरल्यावर मेट्रोने सीताबर्डीहून अंबाझरीपर्यंत फिरून आलो, स्टेशनवर टॉयलेट असतात त्यामुळे मनावर दडपण नव्हतं. ज्यांना हा आजार आहे त्यांनी नागपूरला जरूर जा, फक्त फ्लेअरमध्ये आणि बरं असताना ताट वेगळं ठेवा, गोळी मात्र फ्लेअर असो वा नसो चालूच, आणि घरच्यांना निघायच्या आधीच फोनवर सांगून टाका. मी पुढच्या वेळी मावशीला आधीच सांगणार आहे की माझ्या पोह्यांवर हरभरे नको, तर्री थोडी चालेल.