आधी एसएमपीएस, मग बाकीचं

भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या गेमिंग पीसीच्या पार्ट्सची यादी पाठवली. सगळ्यात वर तिन्ही बाजूंनी काचेचं कॅबिनेट, मग रंग बदलणारे पंखे, आणि सगळ्यात खाली ‘एसएमपीएस – कोणतापण’. एसएमपीएस म्हणजे घरची वीज पीसीला चालेल अशी करून देणारा डबा. मी भोसरीत इलेक्ट्रिकल पॅनेल टेस्टिंगला आहे. हे ‘कोणतापण’ वाचलं आणि त्याला फोन लावला. यादी खालून वर वाचायची, या अटीवर मी बाजारात यायला तयार झाले. बजेट पासष्ट हजार, मॉनिटर जुनाच. खेळायचं व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि ‘थोडं नवीन पण काहीतरी’.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका काउंटरवर एसएमपीएसचा डबा समोर आला. पुढे ठसठशीत ४५० वॅट. मी डबा उलटा केला. स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर यांची भूक जवळपास सगळी १२ व्होल्टवरच भागते. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर दाखवलेले, ते गेमिंगच्या कामाचे नाहीत. “मॅडम, सगळे हाच नेतात,” दुकानदार म्हणाले. नेत असतील.

आमचा हिशेब साधा होता. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट, रायझन ५ ५६०० प्रोसेसर जोर लावल्यावर ७५च्या आसपास, मदरबोर्ड, एसएसडी आणि पंखे मिळून पन्नास धरा. तीनशेच्या आतच. त्यामुळे ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) चांगल्या कंपनीचा ५५० वॅट पुरून उरतो. ७५० वॅटचा घेऊन मिरवायची गरज नाही, त्या फरकात रॅमला मदत होते.

खरा घोळ घरी निघाला. दादाचं घर नारायण पेठेत, जुन्या इमारतीत. टेबलाशेजारी तीन पिनांचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लोंबकळते आणि मीटरवर २३०च्या निम्मे, म्हणजे ११५च्या आत-बाहेर व्होल्ट दिसतात. करंट अगदी किरकोळ असतो, पण उघड्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येतात, आणि चालू मशीनला एचडीएमआय केबल लावताना पोर्ट उडू शकतो. भाचा शांतपणे म्हणाला, “आत्या, जुना पीसी पण असाच चावायचा. आम्हाला वाटायचं, कॉम्प्युटर म्हटलं की असणारच.” दादाने पेपरातून डोकं वर काढलं नाही. पासष्ट हजारांतले पहिले पैसे वायरमनला गेले, मीटरच्या बोर्डापासून टेबलापर्यंत अर्थची वायर ओढायला. यादीत ही ओळ कोणीच लिहीत नाही.

आता कार्ड. इथे पैसे मोकळ्या हाताने घालायचे, यावर आमचं एकमत होतं. भांडण झालं ते कुठलं घ्यायचं यावर. भाच्याला आरटीएक्स ३०५० स्वस्तात दिसत होतं. ते ६ जीबीचं होतं, २०२४ मध्ये आलेलं. नाव तेच, पण २०२२च्या ८ जीबीवाल्यापेक्षा कोअर कमी आणि मेमरीचा रस्ता १२८ऐवजी ९६ बिटांचा. आरएक्स ६५०० एक्सटी त्याहून फसवं, ४ जीबी आणि बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन, म्हणजे डेटा ये-जा करायचे रस्ते. मग सेकंडहँडची टूम निघाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली सगळी खराब नसतात, पण पंख्यांची बेअरिंगं झिजलेली असतात आणि वॉरंटीचं बिल बहुधा भलत्याच्याच नावावर. शेवटी नवं आरएक्स ६६००, ८ जीबी. १०८०पीला, म्हणजे फुल एचडी स्क्रीनला, भरपूर.

प्रोसेसरवर फार वेळ घालवला नाही. ५५०० स्वस्त आहे, पण त्याचा एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी, ५६००चा ३२. शिवाय कार्ड आणि प्रोसेसर जिच्यावरून बोलतात त्या पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या ३.० वरच ५५०० अडतो, आणि हे कार्ड मुळात आठ लेनचं, म्हणून ४.० मिळालेलं बरं. त्यासाठीच बोर्ड बी५५०. बी४५० घेणाऱ्यांनी दुकानातच विचारावं, बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करून मिळेल का. जुन्या बायोसवर ५६०० उठतच नाही. कूलर डब्यातच येतो.

रॅमने मात्र रडवलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून भाव चढलेत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशिअल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. भाचा म्हणाला, आता एकच ८ जीबीची कांडी घेऊ, दुसरी नंतर. मी ऐकलं नाही. दोन कांड्या असल्या की प्रोसेसर दोन्ही चॅनेलवरून डेटा ओढतो. एकीवर गेम अडखळतात. ८ जीबीच्या दोन, ३२०० स्पीडच्या. आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगाने पळवणारी सेटिंग, चालू करायची, नाहीतर ३२००चे पैसे देऊन मशीन त्याहून कमी वेगाने चालत राहतं. तिथेच टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन बटणंही बघून घ्यायची, विंडोज ११वर व्हॅलोरंट त्याशिवाय उघडत नाही.

बिलाशिवाय घेतलं तर थोडं कमी लावतो, असंही एका दुकानात कानाशी येऊन सांगितलं गेलं. नको. कार्डाला तीन वर्षांची वॉरंटी, एसएमपीएसला पाच. ती पक्क्या बिलावरच वाजवून घेता येते. १८ टक्के जीएसटी दुखतो, पण दुखू दे.

कॅबिनेटला उरले ते पैसे. पुढे जाळी असलेलं, काळं, दिसायला सरकारी. मे महिन्यात नारायण पेठेतल्या त्या खोलीत काचेआड कार्ड शिजलं असतं. एक रंगीत पंखा मात्र मी माझ्या खिशातून दिला, कारण भाचा गप्प बसला होता आणि ते मला बघवेना.

मॉनिटर सध्या ६० हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. दिवाळीला १४४चा घेऊ, असं दादा म्हणालाय. कुठल्या दिवाळीला, ते भाच्याने अजून विचारलेलं नाही.