सांग्रिया, दुसऱ्या खेपेला

मे महिन्यात शाळेतल्या दोस्तांची बैठक राजारामपुरीत आमच्या गच्चीवर भरते. मटण, तांबडा-पांढरा ठरलेलं, प्यायला बिअर. गेल्या वर्षी मला सांग्रियाची हुक्की आली. वाइनमध्ये फळं कापून टाकायची, त्यात अवघड ते काय?

पार फसली. गोड पोर्ट वाइन आणली, वर गूळ घातला; कोल्हापूरच्या माणसाचा गुळाला हात कुठला आखडतोय! सालीसकट मोसंबीच्या चकत्या, कलिंगड, पिकलेला हापूस, सगळं आदल्या रात्रीच भिजवलं आणि सोडाही तेव्हाच ओतून मोकळा झालो. सकाळी आईनं फ्रीज उघडला. "हे फ्रूट सॅलड नासलंय वाटतं, टाकून देऊ?" रात्रीपर्यंत सोड्याचा फेस गेलेला, हापूसचा लगदा झालेला, मोसंबीची पांढरी साल मुरून सगळं कडू. एक दोस्त म्हणाला, "भावा, काढा केलायस. बिअर आण."

यंदा आधी घरी अर्ध्या मापानं करून बघितली. मग बैठकीला नाशिककडची, गोड नसलेली ७५० मिलीची लाल वाइन, ६० मिली ब्रँडी, दोन मोसंब्यांचा रस आणि तीन चमचे साखर आधी रसातच विरघळवून. गूळ नको, रंग गढूळ होतो आणि काकवीचा वास वाइनला दाबून टाकतो. मोसंबीची साल घ्यायचीच तर फक्त वरची हिरवी-पिवळी, सोलाण्यानं पातळ काढून. स्पेनात संत्रं घालतात, पण मेमध्ये मला बरं संत्रं कुठं मिळायला! सफरचंदाचे बारीक तुकडे आणि दालचिनीची एक कांडी घालून चार तास फ्रीजमध्ये. हापूस अगदी शेवटी, जरा कडकच बघून. बर्फानं पाणचट होते, म्हणून द्राक्षं गोठवून ठेवली होती. सोडा ग्लासात, देताना.

नावावरून चर्चा झालीच. स्पॅनिशमध्ये 'सांग्रे' म्हणजे रक्त, रंगावरून पडलेलं नाव. युरोपात २०१४ च्या नियमानं नुसतं 'सांग्रिया' हे नाव स्पेन-पोर्तुगालच्या मालालाच लावता येतं. "मग हा तांबडा रस्सा नंबर दोन," असा निकाल लागला.

खऱ्या तांबड्याबरोबर मात्र ती घेऊ नका, जाळ वाढतो. जेवणाआधी, फार तर सुक्क्याबरोबर. आईला वेगळं कोकम सरबत केलं होतं, सगळ्यात आधी संपलं तेच.

एकजण गाडी चालवायची म्हणून ग्लासाला शिवला नाही, पण भांड्याच्या तळातलं सफरचंद चमच्यानं खात बसला. "फळंच की!" चार तास मुरलेली फळं ती. अकराच्या सुमारास किल्ली स्वतःच माझ्या हातात दिली आणि गच्चीवरच्या सतरंजीवर आडवा झाला.